ग्रँड केमनच्या थांब्यावर छोटी बोटसफर कशी निवडावी

मायामी किंवा फोर्ट लॉडरडेलहून सुटणाऱ्या पश्चिम कॅरिबियनच्या क्रूझमध्ये ग्रँड केमन हे बेट पुष्कळदा असते. जहाज सकाळी येते आणि बहुधा दुपारी चारच्या सुमारास निघून जाते. मधल्या वेळात काय करावे असे विचारले, की जाऊन आलेला जवळपास प्रत्येक जण बोटीने जाऊन स्टिंगरे पाहण्याचा सल्ला देतो. कोकणात आपण ज्याला पाकट म्हणतो, त्याच कुळातला हा मासा. सल्ला चांगला आहे, परंतु त्याच पाकटांपर्यंत नेणाऱ्या बोटी डझनावारी आहेत आणि त्या एकसारख्या नाहीत.

आमच्या कुटुंबाने ही क्रूझ दोनदा केली. पहिल्या वेळी मी छायाचित्रे आणि किंमत पाहून सहल निवडली. ती निघाली वेगवान, सपाट लाटेवरही आदळणारी बोट, आणि सत्तरी ओलांडलेल्या माझ्या सासूबाई तिच्या पुढच्या बाकावर बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, परंतु पुढचे दोन दिवस त्यांनी केबिनमध्ये पाठ शेकत काढले. दुसऱ्या वेळी मी निवडीचा क्रमच उलटा केला. आधी वेळ मोजली, मग आमच्यातल्या सर्वांत नाजूक प्रकृतीच्या माणसाला काय झेपेल ते ठरवले, मग वारा पाहिला आणि छायाचित्रांकडे सर्वांत शेवटी वळले. तोच क्रम येथे देत आहे.

१. जहाजाच्या घड्याळावरून उलटे मोजा

कार्यक्रमपत्रिकेत ‘सकाळी ८ ते दुपारी ४’ असे छापलेले असते आणि ते वाचून आपल्या हाती आठ तास आहेत असे वाटते. ग्रँड केमनमध्ये तसे होत नाही, कारण राजधानी जॉर्ज टाउन येथे मोठ्या क्रूझ जहाजांना लागायला धक्काच नाही. जहाज किनाऱ्यापासून काही अंतरावर उभे राहते आणि प्रवाशांना टेंडर नावाच्या लहान बोटींनी ने-आण करतात. धक्का बांधावा की नाही, हा बेटावर अनेक वर्षे गाजलेला वाद आहे आणि एप्रिल २०२५ मधल्या सार्वमतात तेथील मतदारांनी त्याविरुद्ध कौल दिला. त्यामुळे टेंडर गृहीत धरूनच हिशेब करावा.

आठ वाजता आलेल्या जहाजातून पहिली टेंडर सव्वाआठ-साडेआठला सुटते. जहाज कंपनीच्या सहली घेतलेल्यांना आधी उतरवतात, इतरांना क्रमांक देऊन थांबवतात. भरलेल्या जहाजातून स्वतःच्या सोयीने उतरणारे कुटुंब साडेनऊपर्यंत किनाऱ्यावर पोहोचले, तर ते ठीक समजावे. परतीची शेवटची टेंडर जहाज सुटण्याच्या बरीच आधी निघते. चारला सुटणाऱ्या जहाजासाठी ती तीनची असू शकते. नेमकी वेळ आदल्या रात्री केबिनमध्ये येणाऱ्या दैनिक पत्रकात असते. तीनच्या टेंडरसाठी दोन वाजता रांगेत असावे असे मी धरते, कारण त्या दिवशी बंदरात तीन-चार जहाजे असतील तर रांग लांबते.

म्हणजे हाती राहिले साडेनऊ ते दोन, साडेचार तास. बंदरावर उतरल्यावर पाकटांच्या सहलीची बोट समोर उभी नसते. पाकटे असतात उत्तरेकडच्या नॉर्थ साउंड या विस्तीर्ण, उथळ खाडीच्या तोंडाशी, आणि बहुतेक सहलींमध्ये बसने खाडीच्या काठावर नेऊन तेथून बोटीत बसवतात. एकत्र जमणे, बस आणि बोटीत चढणे यांत जाताना अर्धा-पाऊण तास आणि येताना तेवढाच. बोटीसाठी उरतात सुमारे तीन तास. त्यातही वाळूच्या पट्टीपर्यंतचे अंतर बोटीच्या वेगानुसार एका बाजूला अर्ध्या ते पाऊण तासाचे आहे. पाण्यात मिळतो दीड-दोन तासांचा वेळ आणि तो पुरेसा आहे. मात्र पाच तासांची, तीन-चार ठिकाणी थांबणारी सहल या हिशेबात बसत नाही. जाहिरातीत ती कितीही सुंदर दिसली तरी ती सोडून द्यावी.

आता या हिशेबातला सर्वांत धोकादायक सापळा. केमन बेटांवर उन्हाळ्यात घड्याळ पुढे करण्याची पद्धत नाही, मायामीत आहे. त्यामुळे साधारण मार्चच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत केमनचे घड्याळ मायामीच्या एक तास मागे असते. काही जहाजे बेटाप्रमाणे वेळ बदलतात, काही सबंध प्रवासभर मायामीचीच वेळ पाळतात. जहाजाने वेळ बदललेली नसेल आणि तुमचा मोबाइल मात्र बेटाचे जाळे पकडून आपोआप मागे गेला असेल, तर जहाजावर तीन वाजलेले असताना तुमच्या हातात दोनच वाजलेले दिसतील. यावर खात्रीचा उपाय म्हणजे साधे मनगटी घड्याळ. जहाजातून उतरताना ते जहाजाच्या वेळेशी जुळवून घ्यावे आणि दिवसभर केवळ त्यावरच विश्वास ठेवावा. स्थानिक चालकाने कळवलेली भेटीची वेळ मात्र बेटाची असते, म्हणून आरक्षणाच्या कागदावर दोन्ही वेळा शेजारी-शेजारी लिहून ठेवाव्यात.

२. कोणत्या प्रकारची बोट, ते ठरवा

सर्वाधिक मागणी पाकटांच्या सहलीला आहे. पूर्वी कोळी समुद्रातून परतताना खाडीच्या तोंडावरच्या प्रवाळभिंतीच्या आतल्या शांत पाण्यात मासे साफ करत आणि टाकाऊ भाग तेथेच फेकत. त्यासाठी पाकटे जमू लागली आणि माणसाला सरावली, असे तेथे सांगतात. ‘स्टिंगरे सिटी’ हे नाव दोन जागांना वापरले जाते, हे लक्षात ठेवावे. एक जागा चार-साडेचार मीटर खोल असून ती पाठीवर हवेची टाकी लावून पाण्याखाली जाणाऱ्यांसाठी आहे. दुसरी ‘सँडबार’, म्हणजे समुद्रातली वाळूची उथळ पट्टी, जेथे मोठ्या माणसाच्या कंबरेएवढे पाणी असते. पोहता न येणाऱ्यांनी आरक्षण करताना सँडबार हा शब्द वाचूनच पुढे जावे.

या सहलीला पुष्कळदा एक-दोन थांबे जोडलेले असतात. पहिला प्रवाळावर स्नॉर्केलिंगचा, म्हणजे तोंडात श्वासनळी धरून पाण्यावर तरंगत खालचे पाहण्याचा, आणि दुसरा ‘स्टारफिश पॉइंट’चा, जेथे उथळ पाण्यात तारामासे दिसतात. लहान मुले सोबत असतील, तर मी प्रवाळाचा थांबा सोडून तारामाशांचा घेईन. प्रवाळावर पाणी खोल असते आणि पोहता न येणारे मूल तेथे बोटीवरच बसून राहते.

दुसरा प्रकार काचेच्या तळाच्या बोटीचा किंवा अर्ध्या पाण्याखाली बसवणाऱ्या बोटीचा. या सहली जॉर्ज टाउनच्या बंदरापासूनच निघतात, तास-सव्वा तासात संपतात, कपडे ओले होत नाहीत आणि बसचा प्रवास वाचतो. ज्येष्ठांना, गरोदर स्त्रियांना आणि पाण्याची भीती असणाऱ्यांना माझे पहिले सुचवणे हेच असते. सासूबाईंनी दुसऱ्या वेळी हीच बोट घेतली आणि काचेतून दिसलेल्या माशांची वर्णने त्या आजही सांगतात. बेटावर खरी पाणबुडीही आहे. ती प्रवाशांना सुमारे तीस मीटर खोल नेते, पण बंदिस्त जागेची धास्ती वाटणाऱ्यांनी तिचा विचार करू नये.

तिसरा प्रकार शिडाच्या कॅटमरानचा. मुंबईहून मांडव्याला जाणारी कॅटमरान ज्यांनी पाहिली आहे, त्यांना दोन समांतर सांगाड्यांवर उभी असलेली ही रुंद बोट ओळखीची वाटेल. ती कमी डुलते, परंतु हळू जाते, त्यामुळे वेळेचा हिशेब येथे अधिक काटेकोर हवा.

दोन गोष्टींची नावे ऐकून मोहात पडू नये. एक म्हणजे रम पॉइंटजवळची, रात्री चमकणाऱ्या पाण्याची खाडी. तो प्रकाश अंधारातच दिसतो आणि तोवर तुमचे जहाज निघून गेलेले असते. दुसरी ‘किटीवेक’ नावाची बुडवलेली नौका. अमेरिकी नौदलाची ही जुनी बोट जानेवारी २०११ मध्ये कृत्रिम प्रवाळासाठी मुद्दाम समुद्रतळाशी बसवण्यात आली आणि २०१७ च्या वादळी लाटांनी ती कुशीवर कलली. टाकी लावून खाली जाणाऱ्यांसाठी ती उत्तम आहे, पण प्रथमच स्नॉर्केल तोंडात धरणाऱ्याचे तेथे समाधान होत नाही.

३. आपल्यातल्या सर्वांत नाजूक माणसावरून निवड करा

गट एकत्र राहणार असेल, तर ज्याला सर्वांत कमी झेपते त्याला झेपणारी बोट घ्यावी. गट विभागायचा असेल, तर ते आधीच मोकळेपणाने बोलून ठरवावे. आपल्या घरांत मोठी माणसे ‘तुम्ही म्हणाल तसे’ म्हणतात आणि सगळे सोसतात, म्हणून हा प्रश्न त्यांना एकदा विचारून थांबू नये.

गुडघेदुखी असेल तर पाण्यातून बोटीवर चढण्याच्या शिडीची चौकशी करावी. काही बोटींना मागे रुंद पायऱ्या असतात, काहींना उभी लोखंडी शिडी. दुसऱ्या प्रकारात स्वतःचे ओले वजन हातांनी वर ओढावे लागते. टेंडरमध्ये चढतानाही एक पाऊल मोठे टाकावे लागते आणि लाट असेल तर दोन्ही बोटी वर-खाली होत असतात. खलाशी हात धरतात, पण जड चाकाची खुर्ची टेंडरमध्ये नेता येतेच असे नाही. ती सोबत असेल तर जहाजावरील स्वागतकक्षात दोन दिवस आधी विचारावे.

पाठीचे किंवा मानेचे दुखणे असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी वेगवान बोटीत बसू नये. नाइलाजाने बसावे लागलेच, तर नाळेकडचा, म्हणजे पुढचा, भाग टाळून मागे बसावे, कारण पुढचा भाग सर्वांत जास्त आपटतो. दमा किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी स्नॉर्केलिंग करण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. बोटीवर एक प्रकृतिपत्रक भरून घेतात. त्यात आजार लपवू नये.

कंबरेएवढे पाणी हे माप मोठ्यांचे आहे. सहा-सात वर्षांचे मूल तेथे उभे राहू शकत नाही, ते सतत कोणाच्या तरी कडेवर असते. मुलाच्या मापाचे लाइफ जॅकेट आहे का, हे आरक्षणाच्या वेळीच विचारावे. येथे आणखी एक फरक समजून घ्यावा. स्नॉर्केलिंगसाठी तोंडाने फुंकून फुगवायचे जे हलके जॅकेट देतात, ते तरंगायला मदत करते, परंतु ते जीवरक्षक जॅकेट नव्हे. पोहता येत नसेल तर फोमचे, छातीवर पट्टे बांधायचे जॅकेट मागून घ्यावे. मागण्यात कमीपणा मानू नये. खलाशी ते आनंदाने देतात.

बोट लागण्याचा त्रास असेल तर गोळी बोटीत चढल्यावर घेऊन उपयोग नाही. ती निघण्यापूर्वी साधारण तासभर घ्यावी लागते. भारतातून येणारे एव्होमिन आणतात, अमेरिकेत मेक्लिझिन दुकानात सहज मिळते. दोन्हींनी गुंगी येते, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी आणि आदल्या एखाद्या दिवशी जहाजावरच घेऊन पाहावी. बोटीत मध्यभागी, उघड्या हवेत, क्षितिजाकडे पाहत बसावे आणि मोबाइलच्या पडद्याकडे पाहू नये.

४. वारा आणि ऋतू पाहा

कॅरिबियन समुद्रात वर्षाचा बराच काळ पूर्वेकडून व्यापारी वारे वाहतात. त्यामुळे बेटांचा पश्चिम किनारा आडोशाचा आणि शांत, तर पूर्व किनारा खवळलेला असतो. हे एक सूत्र पाठ असले की अनोळखी बंदरावरही निवड सोपी होते. बार्बाडोसमधले कार्लाइल बे, सेंट लुशियातला सुफ्रिएरचा किनारा, मेक्सिकोतल्या कोझुमेलचे प्रवाळ हे सगळे पश्चिमेला आहेत, आणि तेथल्या छोट्या बोटसफरी याच कारणाने तेथून चालतात. जॉर्ज टाउनही पश्चिमेलाच आहे.

हिवाळ्यात मात्र उत्तर अमेरिकेतून थंड हवेचे झोत खाली येतात आणि वारा वायव्येकडून वाहू लागतो. तसे झाले की जॉर्ज टाउनसमोरचा समुद्रच उसळतो. अशा दिवशी जहाजे दक्षिण किनाऱ्यावरच्या स्पॉट्स येथे प्रवासी उतरवतात किंवा थांबाच रद्द करतात. स्पॉट्सला उतरलात आणि तुमची स्वतंत्र सहल जॉर्ज टाउनहून निघणार असेल, तर टॅक्सी करून शहरात यावे लागते. तो वेळ आधीच धरून ठेवावा.

हवामानाच्या अंदाजात वारा नॉटमध्ये देतात. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. माझा अनुभव असा, की दहा नॉटपर्यंत लहान मुले आणि ज्येष्ठही मजेत राहतात, पंधरा नॉटला खाडीत तुषार उडू लागतात आणि वीसच्या वर छोट्या बोटीची हौस न केलेली बरी. जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा अधिकृत मोसम आहे. त्या महिन्यांत पैसे परत मिळण्याची अट वाचल्याशिवाय काहीही आरक्षित करू नये.

भरती-ओहोटीची चिंता मात्र करू नये. मुंबईच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक पडतो. येथे तो अर्ध्या मीटरच्या आतच राहतो.

५. जहाज कंपनीकडून घ्यावी की स्वतंत्र

जहाज कंपनीची सहल महाग असते. त्या बदल्यात टेंडरमध्ये आधी जागा मिळते, सहल उशिरा परतली तर जहाज थांबते किंवा कंपनी तुम्हाला स्वखर्चाने पुढच्या बंदरावर पोहोचवते, आणि थांबा रद्द झाला तर पैसे आपोआप परत जमा होतात. स्वतंत्र चालकाची सहल स्वस्त पडते, बोटीवर माणसे कमी असतात आणि कप्तानाशी बोलता येते. उशीर झाला तर मात्र पुढच्या बंदरापर्यंतचे विमान, हॉटेल आणि व्हिसाचे प्रश्न तुमचे असतात.

भारतीय पारपत्रावर प्रवास करणाऱ्यांसाठी या शेवटच्या बाबीचे वजन जास्त आहे. जहाज निघून गेले तर पुढच्या देशात विमानाने शिरण्यासाठी तुमच्याकडे वैध व्हिसा असेलच असे नाही. म्हणून पहिलीच क्रूझ असेल, टेंडरचे बंदर असेल आणि थांबा आठ तासांहून कमी असेल, तर मी जहाज कंपनीची सहल घेण्यास सांगते. ज्या बंदरात जहाज थेट धक्क्याला लागते, उदाहरणार्थ सेंट थॉमस किंवा कोझुमेल, तेथे स्वतंत्र सहलीचा धोका बराच कमी होतो.

बंदराबाहेर फलक धरून उभ्या असलेल्यांकडून ऐनवेळी सहल घेण्याचा मार्गही आहे. आमची पहिली, पाठ दुखवणारी सहल तशीच घेतलेली होती. तेथे प्रश्न विचारायला वेळ मिळत नाही, हा तिचा खरा दोष.

६. पैसे भरण्याआधी हे प्रश्न विचारा

सांगितलेल्या तासांत बसचा प्रवास धरलेला आहे का? बोटीवर जास्तीत जास्त किती माणसे घेता? सावलीसाठी छप्पर आणि शौचालय आहे का? पाण्यात प्रत्यक्ष किती वेळ मिळेल? वाऱ्यामुळे सहल रद्द झाली, किंवा जहाज आलेच नाही, तर पैसे पूर्ण परत मिळतील का? उत्तरे ईमेलवर घ्यावीत. फोनवरच्या आश्वासनाचा नंतर उपयोग होत नाही.

किंमत कोणत्या डॉलरमध्ये आहे, हेही विचारावे. केमन बेटांचे स्वतःचे चलन आहे आणि एका केमन डॉलरला सुमारे १.२० ते १.२५ अमेरिकी डॉलर मोजावे लागतात. अमेरिकी डॉलर सर्वत्र चालतात, परंतु फलकावरचे ‘६० डॉलर’ केमनचे निघाले तर चौघांच्या कुटुंबाला पन्नास-साठ अमेरिकी डॉलरचा फरक पडतो. बक्षिसी म्हणून पंधरा ते वीस टक्के देण्याची पद्धत आहे. ती रक्कमही धरून चालावे.

त्या दिवशी बंदरात किती जहाजे आहेत, हे बंदराच्या वेळापत्रकात पाहता येते. चार-पाच जहाजे असतील तर साडेदहा-अकराला वाळूच्या पट्टीवर माणसांचीच दाटी होते. अशा दिवशी सर्वांत पहिली बोट मिळवण्याचा प्रयत्न करावा.

७. सोबत काय असावे

कागदपत्रांमध्ये जहाजाचे ओळखपत्र-कार्ड, प्रत्येक प्रौढाचे सरकारी छायाचित्र-ओळखपत्र, पारपत्राची आणि व्हिसाच्या पानाची छायाप्रत, सहलीच्या आरक्षणाची छापील प्रत आणि जहाजाचे दैनिक पत्रक इतके हवे. दैनिक पत्रकात बंदरावरील जहाजाच्या प्रतिनिधीचा दूरध्वनी क्रमांक असतो आणि अडचणीत तोच कामी येतो. हे सगळे पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेवावे.

अंगावर लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा घालावा. स्त्रियांनी सलवार किंवा साडी नेसून पाण्यात उतरू नये, कारण भिजलेले कापड पायांत अडकते. पोहण्यासाठीच्या घट्ट विजारी मिळतात, त्यांत अंग पूर्ण झाकलेले राहते आणि हालचालही मोकळी राहते. मंगळसूत्र, अंगठ्या, बांगड्या केबिनमधल्या तिजोरीत ठेवाव्यात. पाण्यात बोटे थोडी आक्रसतात आणि अंगठी नकळत निसटते.

सनस्क्रीन झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचे घ्यावे आणि निघण्याआधी अर्धा तास लावावे. ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट आणि ऑक्टोक्रिलिन असलेल्या सनस्क्रीनवर अमेरिकी व्हर्जिन बेटांनी मार्च २०२० पासून बंदीच घातली आहे. तुमच्या क्रूझमध्ये सेंट थॉमस असेल तर दुसरी बाटली घेण्यापेक्षा सुरुवातीपासून झिंक किंवा टायटॅनियमचेच सनस्क्रीन वापरावे. प्रवाळाच्या दृष्टीनेही तेच योग्य.

जहाजावरची फळे, सँडविच किंवा शिजवलेले पदार्थ किनाऱ्यावर नेण्यास मनाई असते. शाकाहारी मंडळींनी बंद पाकिटातला सुका खाऊ आणि पाण्याची बाटली घ्यावी. दोन टॉवेल, टोपी आणि कोरड्या कपड्यांचा एक जोड पुरतो. जड पिशवी घेऊ नये, कारण बोटीवर ती ठेवायला कोरडी जागा क्वचितच मिळते.

८. पाण्यात उतरल्यावर

वाळूवर पाय उचलून चालू नये, तळवे घसटत पुढे सरकावे. पाकटे वाळूत अंग झाकून बसलेली असतात. पाय घसटत गेल्यास त्यांना चाहूल लागते आणि ती बाजूला होतात. शेपटीच्या बुडाशी असलेला काटा ते स्वसंरक्षणासाठी वापरतात, त्यामुळे त्यांच्यावर पाय पडू न देणे हीच खरी काळजी. शेपटीला हात लावू नये. काटा लागलाच, तर लगेच खलाशाला सांगावे. सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवतात आणि नंतर डॉक्टरांकडे नेतात.

मोठ्या, काळपट पाकटांमध्ये बहुतेक माद्या असतात, नर आकाराने पुष्कळ लहान. खलाशी माकुळाचे तुकडे भरवायला देतात. ते मुठीत धरावेत आणि अंगठा आत घ्यावा, कारण पाकटाचे तोंड पोटाखाली असते आणि ते खाऊ चोखून घेते. पाठीवरून तळहात फिरवला तर मखमलीवरून फिरवल्यासारखे वाटते. माझी मुलगी आधी किंचाळली आणि मग अर्धा तास तेथून हलायला तयार नव्हती.

पाकट पाण्याबाहेर उचलण्यास आणि या उथळ भागात पादत्राणे घालून उतरण्यास तेथे कायद्याने मनाई आहे. त्यांच्या त्वचेवर बुळबुळीत संरक्षक थर असतो आणि बुटांनी, नखांनी तो खरवडला जातो. तारामासाही पाण्याबाहेर काढून छायाचित्र घेऊ नये. त्याला पाण्याबाहेर श्वास घेता येत नाही. एखाद्या बोटीचा खलाशीच प्राणी उचलून तुमच्या हातात देऊ लागला, तर स्पष्ट नकार द्यावा.

९. परतताना

बोट काठाला लागताच बसकडे जावे, खरेदी बंदराजवळ पोहोचल्यावर करावी. केमन हा ब्रिटनच्या अखत्यारीतला प्रदेश असल्याने तेथे वाहने आपल्याकडच्यासारखीच डावीकडून चालतात. अमेरिकेत राहणाऱ्यांना उलटीकडे पाहून रस्ता ओलांडण्याची सवय झालेली असते, म्हणून मुलांचा हात धरूनच रस्ता ओलांडावा. टेंडरच्या रांगेत ओळखपत्रे तपासतात, ती वरच्या खिशात ठेवावीत. एकाहून अधिक जहाजे असतील तर रांगाही अनेक असतात, म्हणून फलकावर आपल्याच जहाजाचे नाव आहे याची खात्री करावी. ज्येष्ठांना उन्हात उभे करू नये. टर्मिनलच्या सावलीत बसवून घरातल्या एकाने रांग धरावी आणि आपली पाळी जवळ आली की बोलवावे.

जहाज कंपनीची सहल असेल आणि ठरलेला एखादा थांबा वगळला गेला असेल, किंवा सांगितलेला वेळ पाण्यात मिळाला नसेल, तर त्याच संध्याकाळी जहाजावरील सहलींच्या टेबलाशी तिकीट घेऊन जावे. कोणता थांबा वगळला आणि बोट किती वाजता परत निघाली, हे लिहून द्यावे. क्रूझ संपल्यावर घरून पाठवलेल्या ईमेलचे उत्तर यायला आठवडे लागतात. टेबलाशी उभे राहून केलेल्या अर्जाचा निकाल मात्र बहुधा जहाजावर असतानाच लागतो, आणि मान्य झालेली रक्कम शेवटच्या बिलातून वजा झालेली तेथेच तपासून घेता येते.